हिरव्या टिकलीची सीडी

मे महिना तव्यासारखा तापला होता. सूर्य चिकलठाण्याच्या अंगानं वर यायचा तोच पांढराफटक होऊन, आणि मुकुंदवाडी स्टेशनामागच्या गल्लीत वारा म्हणून जे काही सुटायचं ती निव्वळ धूळ असायची. लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं ते हे साल. गल्लीतल्या हापशाचा दांडा कोरडाच खडखडायचा. पोरं त्याला लोंबकळून खेळायची, कारण दुसऱ्या कुठल्या कामाचा तो राहिलाच नव्हता.

सांडू शेजवळनं तांबडं फुटायच्या आत आपले निळे ड्रम कोपऱ्यावर नेऊन रांगेत उभे केले. रिकामा ड्रम आडवा करायचा आणि पायानं ढकलत गडगडत न्यायचा, हे त्याचं रोजचं काम. मग पाईपाचं एक टोक तोंडाला लावून फुंकून बघायचं, रात्रीतून उंदरानं कुठं कुरतडला तर नाही. पाईप बरा निघाला की तो ड्रमावर पाईपाचं वेटोळं ठेवायचा आणि भिंतीला पाठ लावून उकिडवा बसायचा.

टँकर आधी रस्त्यापलीकडच्या नव्या टॉवरकडं जायचा. काही वर्षांखाली तिथं नुसत्या बाभळी होत्या आणि गल्लीतल्या शेळ्या तिथं चरायच्या. आता माळ्यावर माळे चढले होते आणि बाल्कन्यांमधून कुंड्या हिरव्यागार दिसत होत्या. त्यांच्या टाक्या भरल्या की मग गल्लीचा नंबर.

"द्वारकावहिनी," सांडू शेजारच्या ड्रमाकडं बघून म्हणाला, "ऐतवारी नातीचं नाव ठेवायचंय. गल्लीतल्या समद्यांनी यायचं."

"यायचं तर हायेच. सुलेखाची पोर म्हंजी आमचीच की," द्वारकाबाई म्हणाली. "पण पाळणा कोण म्हणणार हो भाऊ?" बोलली आणि तिनं पदर तोंडाला लावला. नको ते निघून गेलं होतं.

"सत्यभामाच म्हणणार."

रांगेतल्या बायांनी माना वळवल्या. रिक्षाला टेकून मिशरी घासणारा बद्रीनाथ घासायचा थांबला.

"तीच म्हणणार," सांडूनं पुन्हा सांगितलं. "सीडीतून. मी कॉम्प्युटर आणतोय. एकदा त्याच्यात गाणं घातलं की मंग ते झिजत नाय, तुटत नाय. पोर मोठी होऊन लगीन करील तवाबी वाजंल."

"कॉम्प्युटरला पाणी तर लागत नाय ना सांडूभाऊ?" बद्रीनाथ म्हणाला. "नायतर त्याचाबी ड्रम लावा आत्ताच."

रांग हसली. सांडूही हसला. पण शब्द तोंडातून गेला होता आणि आता तो अख्ख्या गल्लीचा झाला होता.

सत्यभामा म्हणजे या गल्लीचा गळा होता. बाबासाहेबांची जयंती असो, लग्न असो, कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन असो, ती उभी राहिली की पेटीवाला आपोआप वरच्या पट्टीत जायचा. सांडूचं तेव्हा शेजवळ साऊंड सर्व्हिस होतं. लासूर स्टेशनाहून तो शहरात आला तो एका मंडपवाल्याच्या हाताखाली भोंगे बांधायला, आणि पुढं त्याचे स्वतःचे स्पीकरचे डबे झाले, ॲम्प्लिफायर झाला, मिक्सर झाला. बायकोची गायन पार्टी आणि नवऱ्याचा माईक. गावोगाव दोघं टेम्पोत बसून जायची. लोक म्हणायचे, सांडूचे डबे फुटके असले तरी चालतील, बाईला नुसतं उभं करा.

प्रत्येक कार्यक्रम तो टेप करायचा आणि मग सिडकोतल्या एका दुकानातून त्याची सीडी करून आणायचा. अशा सीड्यांनी एक पत्र्याची पेटी भरली. सत्यभामाला लिहिता-वाचता येत नव्हतं. सांडूनं पेनानं नावं घातलेली तिच्या काय कामाची? तिनं आपली खूण काढली. रोज आंघोळीच्या आधी ती कपाळावरची टिकली काढून आरशाला लावायची, तशीच एकेक टिकली तिनं सीडीला लावली. लाल टिकली जयंतीची, मरून लग्नातल्या गाण्यांची, काळी दुःखाच्या गाण्यांची आणि हिरवी पाळण्याची. लावायची तीही बरोबर मधल्या भोकाजवळ, रंग सुरू होतो त्या काठाशी, जशी बाई भुवयांच्या मधोमध लावते तशी.

"सीडी हाय का नवरी?" सांडू चेष्टा करायचा.

"मंग? तुमच्या त्या काळ्या डब्यांपरीस बरी दिसती," ती म्हणायची.

आता ती काही म्हणत नव्हती. तीन पावसाळे न पडलेल्या त्या सालांमध्येच तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं आणि मानेला पुढून भोक ठेवलं. श्वास तिथून यायचा-जायचा. त्यावर ती पांढऱ्या फडक्याची घडी बांधायची. साऊंडचे डबे त्या आजारपणात विकले गेले. घरात तिच्याजवळ एक स्टीलची वाटी आणि चमचा असायचा. एकदा वाजवली की इकडं या, दोनदा वाजवली की पाणी द्या, आणि सारखी वाजत राहिली की सांडूचं काहीतरी चुकलंय.

सुलेखा, त्यांची एकुलती एक लेक, बाळंतपणाला माहेरी आली आणि मुलगी झाली. त्या दिवसापासून सांडूच्या डोक्यात एकच होतं. गल्लीतल्या निम्म्या पोरांना सत्यभामेनं पाळण्यात गाऊन नाव दिलं. तिनं स्वतः जुळवलेला पाळणा होता तो. आणि आपल्या नातीला काय, वाटी?

घरातला सीडी प्लेअर कधीच बंद पडला होता. दुसऱ्या कुणाकडं त्या पाळण्याची सीडी असेल म्हणून त्यानं गल्ली धुंडाळली. पूर्वी हौसेनं वाटलेल्या होत्या. कुणी मोबाइल आल्यावर फेकल्या होत्या, कुणाच्या पोरांनी भोवरे केले होते. बद्रीनाथच्या रिक्षाच्या मागं एक लटकत होती, रात्री उजेडात चमकावी म्हणून.

"ही वहिनीचीच हाय भाऊ," बद्रीनाथ जरा ओशाळून म्हणाला होता. सांडूनं ती हातात घेतली. उन्हानं ती काचेसारखी पांढरी पडली होती. त्यानं ती पुन्हा दोरीला अडकवून ठेवली.

म्हणजे पेटीतल्या होत्या तेवढ्याच.

जावई अभय वाळूजला कंपनीत होता. तो सुट्टीला आला की सासऱ्याला समजावायचा.

"मामा, लॅपटॉप घ्या सरळ. नवा. त्याला बाहेरून ड्राइव्ह जोडायचा."

"बाहेरून म्हंजी?"

"आता आत येतच नाही. कोण वापरतं सीडी?"

अभय त्याला जालना रोडवरच्या काचेच्या दुकानात घेऊन गेला. आत गारेगार. सांडूनं चपला दाराशी काढल्या आणि अभयनं त्याला परत घालायला लावल्या. टाय बांधलेला पोरगेला विक्रेता होता. त्यानं भाकरीएवढा पातळ ड्राइव्ह काउंटरवर ठेवला.

सांडूनं तो उचलून तोलला. "ह्याच्यात तर कायच नाय."

"लाइटवेट आहे काका. पण स्पीड बघा ना. अख्खी सीडी पाहता पाहता कॉपी."

"घाई कशाला? ती गाणारी हाय, पळणारी थोडीच."

विक्रेता हसला. "काका, खरं सांगू? एवढा खर्च कशाला करता? कोणतं गाणं पाहिजे सांगा, सगळं ऑनलाइन असतं. आत्ता लावतो." त्यानं मोबाइल काढला.

"सत्यभामा शेजवळ," सांडू म्हणाला.

पोरानं टाइप केलं. पौराणिक मालिकेतली मुकुट घातलेली एक बाई आली, मग साड्यांचं दुकान आलं, मग कुठल्यातरी शाळेचं गॅदरिंग. पोरगं अंगठ्यानं खाली खाली सरकवत राहिलं. सांडू वाकून बघत होता. शेवटी अभयनंच मोबाइलवर हात ठेवला.

"राहू द्या," तो म्हणाला. "त्या घरच्या आहेत."

बाहेर आल्यावर झळ तोंडावर आपटली. सांडू म्हणाला, "अभयराव, तुम्ही जा. मी शहागंजला जाऊन येतो. मुनीरभाईला विचारतो."

मुनीरभाईचं दुकान शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यापलीकडं एका बोळात होतं. पूर्वी तो रेडिओ, टेप, ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचा. सांडूचा ॲम्प्लिफायर भर लग्नसराईत जळाला की हाच माणूस जेवण सोडून तो उघडायचा. आता त्याच्याकडं बँकांनी आणि शाळांनी टाकून दिलेल्या कॉम्प्युटरांचा ढीग असायचा. त्यातले बरे निवडून तो पुन्हा चालू करायचा.

"अरे शेजवळ मियाँ! जिंदा है क्या?"

"तुमच्या दुवेनं. मुनीरभाई, सीडी वाचणारा कॉम्प्युटर पायजे. नवा नको. सावकाश वाचणारा."

"हौ, सावकाशवालेच पडे हैं मेरे पास. मेरे जैसे." मुनीरभाईनं ढिगातून एक जाडजूड डबा ओढला, फडक्यानं पुसला आणि वायर लावली. पुढचा ट्रे गुरगुरत बाहेर आला. "ये पुरानी ड्राइव्ह है. नयी वाली जल्दी करती, जरा खरोंच दिखी की थूक देती. ये चबा चबा के खाती. वहिनी की आवाज है?"

सांडूनं नुसती मान हलवली.

"कैसी हैं वो?"

"वाटी वाजवती."

सांडूनं पिशवीतून एक सीडी काढली. लाल टिकलीची, जयंतीची. चालतं का ते बघायला एवढी एकच आणली होती. मुनीरभाईनं ती ट्रेमध्ये ठेवली आणि कान ड्राइव्हला लावला. आतून घरघर आली, मग थरथर, मग काहीतरी घासल्यासारखं. त्यानं पटकन बटण दाबून ती बाहेर घेतली.

"ये बिंदी है क्या?"

"तिची खूण हाय."

"मोटी है, ऊपर घिसती. और घूमते घूमते सुट गयी, अंदर फँस गयी तो ड्राइव्ह गयी समझो. तुम्हारा पुराना प्लेअर आहिस्ता घूमता था, उसको चल जाता था." त्यानं सीडी परत दिली. "जुम्मे को दुकान बंद है. शनिचर को सगळ्या घेऊन या. बैठ के देखेंगे क्या करना. मशीन ये तुम्हारी, मैं बाजू में रखता."

सांडू सिटी बसमध्ये मांडीवर पिशवी घेऊन बसला, तेव्हा कितीतरी दिवसांनी त्याला कसलं तरी काम हाती आल्यासारखं वाटत होतं. मशीन मिळालं होतं. तेही जड, खरं वाटावं असं. राहिल्या टिकल्या. त्या काढायला शनिवार कशाला उजाडायला पाहिजे?

शुक्रवारी दुपारी सुलेखा आणि सत्यभामा बाळाला डोस द्यायला दवाखान्यात गेल्या. सांडूनं दार लोटून घेतलं, कारण उघडं ठेवलं तर आत भट्टी व्हायची. पत्रे वर कडकड वाजत होते. त्यानं पेटी खाली काढली, हात कोरडे पुसले आणि जमिनीवर सत्यभामेची मऊ सुती साडी चौपदरी अंथरली.

आयुष्यभर त्यानं एक गोष्ट पाळली होती. सीडीची चमकती बाजू जपायची. गाणं तिथं असतं. तिला बोट लावायचं नाही, ती कशाला घासू द्यायची नाही. कुणी पोरगं चमकत्या बाजूनं सीडी धरताना दिसलं की तो मंडपातून ओरडायचा. वरची बाजू म्हणजे नुसती पाठ, नाव लिहायची. तेव्हा त्यानं एकेक सीडी चमकत्या बाजूनं खाली, मऊ साडीवर अलगद ठेवली, आणि पाठीवरची टिकली नखानं उचलली.

वर्षानुवर्षं पत्र्याखाली तापून तापून टिकल्या गच्च बसल्या होत्या. नखानं कड सुटली की मग एका झटक्यात यायच्या. निघाल्यावर त्यांच्या मागं काहीतरी चकाकायचं. टिकल्यांना चमकी असतेच, त्याला वाटलं. अंधारी खोली, त्यात त्याला जवळचं धड दिसत नव्हतं. बाई आपल्या टिकल्या फेकत नाही हे त्याला ठाऊक होतं. म्हणून निघालेली प्रत्येक टिकली तो उठून आरशाला लावायचा. लाल एका बाजूला, मरून एका बाजूला, काळ्या खाली, हिरव्या सगळ्यांत वर. आरसा कसा भरून गेला. बघून सत्यभामा हसेल, असं त्याला वाटलं.

पेटीच्या तळाशी एक सीडी बिनटिकलीची निघाली. ती आठवली त्याला. गंगापूरकडच्या एका कार्यक्रमातली. गाता गाता सत्यभामेला ठसका लागला होता आणि गाणं अर्धंच राहिलं होतं. "ही नापास," ती म्हणाली होती आणि तिला टिकली मिळाली नव्हती. त्यानं तीही पिशवीत टाकली.

त्या दोघी आल्या तेव्हा बाळ डोस देऊन रडवेलं झालं होतं आणि आरशाकडं कुणाचं लक्षच गेलं नाही.

शनिवारी मुनीरभाईनं मशीन तयार ठेवलं होतं. पाण्याचा ग्लास सांडूपुढं सरकवला, तोही अर्धाच भरलेला, आणि पिशवीतली पहिली सीडी घेतली. सांडूनं हिरव्या टिकलीच्याच वर ठेवल्या होत्या.

मुनीरभाईनं सीडी डोळ्यांसमोर धरली. ट्यूबलाइट मागं होती. सीडीच्या मधल्या भोकाशेजारी टिकलीएवढा गोल उजेड आरपार येत होता.

"शेजवळ," तो हळू म्हणाला, "ये क्या किया तुमने?"

"टिकल्या काढल्या. साफ केल्या. नीट काढल्यात, खालच्या बाजूला चरा नाय पडू दिला."

"खाली नै रहता मियाँ. गाना ऊपर रहता. ऊपर के रंग के नीचे चांदी रहती, उस में. नीचे तो नुसतं प्लास्टिक है." मुनीरभाईनं दुसरी उचलली. तिसरी उचलली. प्रत्येकीत तोच गोल उजेड. "चांदी निकल गयी बिंदी के साथ."

सांडूला ते कळायला वेळ लागला. मग आरशावरची चमकी त्याच्या डोळ्यांपुढं आली.

"थोडीच गेली ना पण," तो म्हणाला. "टिकलीएवढी. बाकीची हायच की. गाणी तर हायत ना आत?"

"हैं. अंदर हैं." मुनीरभाईनं सीडीच्या मधल्या काठावर बोट ठेवलं. "पर शुरू यहाँ से होता. यहाँ लिखा रहता कौनसा गाना किधर है. समझो दरवाजा है. दरवाजाच उखड गया."

तरी त्यानं ती आत घातली. ड्राइव्ह घुरघुरला, थांबला, टकटकला, पुन्हा फिरला. सांडू तोंड उघडं टाकून ऐकत होता, जणू टेम्पोत बसून मंडपातला पहिला स्वर यायची वाट बघतोय. ट्रे आपणहून बाहेर आला. मुनीरभाईनं फडक्यानं पुसून तीच पुन्हा आत घातली. मग दुसरी. एकेक करून पिशवी रिकामी होत गेली आणि काउंटरवर दुसऱ्या बाजूला ढीग वाढत गेला. बोळातून अजान ऐकू आली, तरी मुनीरभाई उठला नाही.

"पुण्या-मुंबईला कोणी…"

मुनीरभाईनं मान हलवली. "मैं झूट बोलूँ क्या तुमसे?"

शेवटी उरली ती बिनटिकलीची. ती आत गेली आणि ड्राइव्हचा आवाज एकसारखा झाला. स्पीकरमधून आधी पेटी आली, मग ढोलकी, मग सत्यभामा. खणखणीत, पेटीच्याही वर. सांडूनं काउंटरची कड धरली. एक ओळ झाली, दुसरी अर्धी झाली आणि ठसका लागला. ढोलकी अडखळली. मंडपातला गलका. मग माईकच्या अगदी जवळून ती बोलली, चिडून, नेहमीसारखी:

"अहो शेजवळ! त्या मशिनीत काय डोकं घातलंय? घोटभर पाणी द्या की. घसा पार वाळून गेला माझा."

मग खटका. सांडूनं तेव्हा माईक बंद केला होता. पुढं काही नव्हतं.

"परत लावू?" मुनीरभाईनं विचारलं.

"नको."

मशीन त्यानं घेतलंच. मुनीरभाई नको नको म्हणत होता, पण सांडू रिकाम्या हातानं गल्लीत शिरू शकत नव्हता. बद्रीनाथच्याच रिक्षातून तो डबा आला. मागं ती पांढरी पडलेली सीडी हेलकावे खात होती. गल्लीतल्या बाया दारात येऊन बघत होत्या. "आला का कॉम्प्युटर? आता उद्या ऐकायचा बाई पाळणा!"

घरी सत्यभामा आरशापुढं उभी होती. तिनं त्याच्याकडं वळून आरशाकडं हात केला आणि तिचे खांदे हलले. ती हसत होती. आवाज नव्हता, मानेच्या फडक्याखालून नुसती फुरफुर.

सांडूनं मशीन कोपऱ्यात ठेवलं, पिशवी खाटेवर ठेवली. तिनं पिशवी उघडली. सगळ्या सीड्या उघड्याबोडक्या. तिनं सर्वांत वरची घेतली, ती मूळचीच बिनटिकलीची होती. ती फिरवून बघितली, आणि मग सवयीनंच आरशावरची एक हिरवी टिकली काढून तिच्यावर लावायला बोट पुढं केलं.

सांडूनं झडप घालून तिचं मनगट धरलं.

इतकं घट्ट, की तिच्या बांगड्या कचकन वाजल्या आणि आतून सुलेखा बाहेर आली. "आबा, काय झालं?"

"त्या सीडीला नको," सांडू म्हणाला. "तेवढीच एक राहिली."

मग त्यानं सांगितलं. मऊ साडी अंथरल्याचं, नखाचं, मुनीरभाईच्या ट्यूबलाइटचं. सांगताना तो तिच्याकडं बघत नव्हता, तिच्या बोटावरच्या टिकलीकडं बघत होता. सत्यभामेनं टिकली उलटी केली. मागं चांदीचा पापुद्रा चिकटलेला होता, माशाच्या खवल्यासारखा. तिनं तो खिडकीच्या उजेडाकडं धरला, थोडा वेळ. मग होती तिथंच, आरशाच्या वरच्या कडेला, ती टिकली परत लावून टाकली आणि अंगठ्यानं दाबली.

सांडू वाटीची वाट बघत होता. सारखी वाजत राहिली असती तर बरं झालं असतं. तिनं वाटी उचलली नाही. ती चुलीकडं गेली आणि कणीक मळायला बसली.

"बाळाचं नाव तुमीच ठेवलं असतं आबा, तरी चाललं असतं आम्हाला," सुलेखा म्हणाली. "पाळण्यावाचून काय अडलं होतं?"

"माझं अडलं होतं," सांडू म्हणाला.

रविवारी खोली माणसांनी भरली. बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोंपुढं मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण-पंचशील झालं. अभयनं सगळ्यांना फुलं वाटली. बाळ पाळण्यात घातलं. कोपऱ्यात मशीन होतं, त्यावर सुलेखानं स्वच्छ टॉवेल टाकला होता.

"लावा की भाऊ," द्वारकाबाई म्हणाली. "सत्यभामेचा पाळणा. त्याच्यासाठी तर मी लेकीलाबी घेऊन आले."

सांडू उठून उभा राहिला. पूर्वी मंडपात असा उभा राहिला की हातात माईक असायचा.

"पाळणा नाय," तो म्हणाला. "सीड्या गेल्या. माझ्याच हातानं गेल्या. मी तुमाला कबूल केलं होतं, पण नाय जमलं."

खोलीत कुणीतरी पंखा हलवायचं थांबलं. बद्रीनाथ खाली बघू लागला. द्वारकाबाईच्या लेकीनं काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि आईनं तिला कोपरानं ढोसलं. मग द्वारकाबाईच पाळण्याजवळ सरकली, दोरी हातात घेतली आणि गायला लागली. तिचा आवाज जाडाभरडा, पट्टी नाही, ताल नाही. बाकीच्या बायांनी सूर धरला. वर्षानुवर्षं सत्यभामेच्या मागं म्हणून म्हणून तोंडात बसलं होतं ते. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं.

तिसऱ्याला सगळ्या थांबल्या.

"तिसरं काय हाय गं?" द्वारकाबाईनं इकडं तिकडं पाहिलं. कुणालाच येत नव्हतं. तिसरं कडवं सत्यभामा एकटीच म्हणायची. त्यात बाळाचं नाव, आईबापाचं नाव, गल्लीचं नाव ती दर वेळी नवं गुंफायची आणि बाया तेवढ्यापुरत्या गप्प बसून ऐकायच्या. सगळ्या तिच्याकडं बघू लागल्या.

सत्यभामेनं तोंड उघडलं. ओठ हलले, पुरं कडवं हलले. मानेच्या फडक्यातून वारा सुटत होता, आत-बाहेर, आत-बाहेर. सांडू ओठांकडं बघत होता. नातीचं नाव कुठं आलं ते तेवढं त्याला कळलं, कारण तिथं ती हसली. बाकी काही कळलं नाही. कुणालाच नाही. ओठ थांबले तेव्हा बायांनी चौथं कडवं धरलं.

"सई," अभयची बहीण, बाळाची आत्या, पाळण्यात वाकून बाळाच्या कानात म्हणाली आणि बायांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. टाळ्या झाल्या. पेढ्याचा पुडा अजून अर्धा फिरायचा होता, तोच कोपऱ्यावरून टँकरचा भोंगा वाजला.

रविवारी टँकर येईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. खोली क्षणात उठली. बाया तोंडातला पेढा गिळत पळाल्या, बद्रीनाथ सदरा खोचत पळाला, "जय भीम, जय भीम, येतो" करत पाहुणेसुद्धा चपला शोधू लागले. द्वारकाबाईनं पाळण्याची दोरी सत्यभामेच्या हातात दिली आणि ती गेली.

सांडूनं दारामागचा पाईप खांद्यावर घेतला. ड्रम आडवा केला आणि पायानं ढकलत कोपऱ्यावर नेला. टँकरभोवती धक्काबुक्की चालली होती. त्यानं आपलं टोक वर फेकलं. टँकरवरच्या माणसानं ते टाकीच्या तोंडात अडकवलं. आधी हवा आली, मग गढूळ पिचकारी, मग पाणी. ड्रमाच्या तळाशी आवाज झाला.

मागं घरातून वाटी वाजली. दोनदा.

ड्रम निम्माही भरला नव्हता. सांडूनं पाईप गुडघ्यात दाबून धरला, शेजारच्या ड्रमावरचा तांब्या ओंजळभर पाण्यानं विसळला आणि धारेखाली धरला.